दोन सर्व्हर आणि एक जुनं डबडं: प्रॉक्समॉक्सवर होस्टिंगचा धंदा, प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

घरी तीन वर्षं प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) चालवलं, कधी रडवलं नाही. त्या जोरावर मी आणि माझा भागीदार असं दोघांनी छोटं होस्टिंग सुरू करायचं ठरवलंय. ग्राहकाला व्हीएम म्हणजे आभासी संगणक द्यायचं, रूट म्हणजे त्याचा पूर्ण ताबा त्याच्या हातात, बॅकअप आपल्याकडे. नोकऱ्या तूर्त सोडलेल्या नाहीत. काय केलं, काय फसलं, किती वेळ गेला, सगळं इथे लिहीत जाणार.

सॉफ्टवेअरच्या निवडीला फार वेळ लागला नाही. ओपनस्टॅक हे दोन माणसांचं काम नाही, ते सांभाळायलाच तिसरा लागतो. एक्ससीपी-एनजी चांगलं आहे, पण त्याच्या पोटातलं झेन हे व्हीएम चालवणारं इंजिन आम्हा दोघांनाही परकं. नुसतं केव्हीएम (लिनक्समधलं तसंच इंजिन) आणि ते हाताळणारं लिबव्हर्ट घेतलं असतं तर बॅकअप, क्लस्टर (सर्व्हरची एकत्र मोट), वेब पॅनेल सगळं आपणच शिवत बसायचं. प्रॉक्समॉक्समध्ये खाली डेबियन लिनक्स, त्यावर २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असलेलं केव्हीएम, आणि हे सगळं ब्राउझरमधून हलवता येतं. कंटेनर द्यायचे नाहीत हेही ठरलं. एलएक्ससी या कंटेनर पद्धतीत सगळ्यांचा कर्नल एकच असतो, आणि अनोळखी माणसाच्या हातात रूट देऊन त्याच्याशी कर्नल वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

सामान: दोन वापरलेले रॅक सर्व्हर, प्रत्येकी दोन सॉकेट (प्रोसेसरच्या जागा) आणि १२८ जीबी रॅम. एक थोडा जुन्या पिढीचा, दुसरा त्याहून नवा. स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, पिढी वेगळी आहे याचं तेव्हा काही वाटलं नाही. तिसरं माझं घरचं जुनं डबडं, बॅकअपसाठी. तिन्ही डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत. जायला दोन तास, यायला दोन तास.

१३ जानेवारी

चार दिवस वाया. जुन्या सर्व्हरमध्ये चार डिस्क बसवल्या, इन्स्टॉलरला एकच दिसली. मधल्या रेड कंट्रोलरने (अनेक डिस्क एक करून दाखवणाऱ्या कार्डाने) चारही स्वतःच्या ताब्यात घेऊन एक खोटी डिस्क पुढे केली होती. झेडएफएसला (डिस्कवर डेटा मांडणारी आमची फाइल सिस्टम) डिस्क उघड्या लागतात. मध्ये रेड कार्ड असलं की डिस्क खरंच मरतेय का ते कळत नाही, स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे, आकडेही नीट पोचत नाहीत, आणि कार्डाची स्वतःची कॅशे 'लिहिलं' म्हणून सांगते तेव्हा लिहिलेलं असेलच असं नाही. या कार्डाला डिस्क जशीच्या तशी पुढे देण्याची सोय नव्हती. शेवटी डिस्क थेट पुढे देणारं साधं एचबीए कार्ड मागवलं आणि ते येईपर्यंत हात बांधून बसलो.

नव्या सर्व्हरवर विकणाऱ्याने आधीच प्रॉक्समॉक्सची आवृत्ती ७ टाकून दिली होती. पुसून पहिल्यापासून टाकण्याऐवजी मी तीच ८ वर चढवली. अर्धा दिवस वाचला. (नंतरची भर: या अर्ध्या दिवसाचं व्याज मार्चमध्ये भरलं.)

पहिल्याच अपडेटला ४०१ ची चूक येते तिला घाबरू नका. सदस्यत्व नसताना एंटरप्राइज रेपो (अपडेट जिथून येतात ती जागा) चालत नाही एवढाच तिचा अर्थ. तो बंद करून नो-सब्स्क्रिप्शनचा लावायचा.

२० जानेवारी

डिस्क प्रत्येक सर्व्हरमध्ये चार, २ टीबीच्या, दुकानात सर्रास मिळणाऱ्या घरगुती एसएसडी. आरशाच्या दोन जोड्या, जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा. रेडझेड ही जागा वाचवणारी मांडणी घेतली नाही, कारण व्हीएमच्या बारीक बारीक लिखाणाला जोड्याच बऱ्या पडतात आणि लहान ब्लॉकमुळे रेडझेडमध्ये जागाही वाटते तेवढी वाचत नाही.

प्रॉक्समॉक्सचं वेग मोजणारं पीव्हीईपर्फ चालवलं. एफसिंकचा (लिखाण डिस्कवर पक्कं करण्याचा) आकडा सेकंदाला तीनशेच्या आसपास. भागीदार म्हणाला, "अगं, हा आकडा हजारांत हवा ना?" मी म्हटलं, घरी एवढाच यायचा, चालतं. वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करतील असे कपॅसिटर या स्वस्त डिस्कवर नसतात, म्हणून दर एफसिंकला त्यांना खरोखर चिपपर्यंत लिहून यावं लागतं. हे मला माहीत होतं. माहीत असून पुढे गेले, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

२८ जानेवारी

रात्री साडेअकराला घरून डेटासेंटर पातळीवरची, म्हणजे सगळ्या सर्व्हरना लागू होणारी, फायरवॉल चालू केली आणि सगळं तुटलं. आत येणाऱ्या वाहतुकीचं मूळ धोरण 'टाकून द्या' असतं. वेब पॅनेलचा पोर्ट ८००६ आणि दुरून कमांड देण्याचं एसएसएच त्यातून सुटतात, पण फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्कमधून आलेल्याला. घरी मी कायम त्याच नेटवर्कमध्ये असायची, त्यामुळे हे कधी जाणवलंच नव्हतं.

सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारं आयपीएमआय होतं. त्याची केबल खोक्यात होती.

सकाळी चार तासांचा प्रवास एका कमांडसाठी. आता आयपीएमआय वेगळ्या नेटवर्कवर जोडलंय आणि व्हीपीएनमागे ठेवलंय. शिवाय फायरवॉलला हात लावण्याआधी मागे एक ओळ चालू करून ठेवते: पाच मिनिटं थांब आणि फायरवॉल बंद कर. सगळं ठीक असेल तर ती ओळ मारायची. बाहेरच अडकलो तर पाच मिनिटांनी दार आपोआप उघडतं.

६ फेब्रुवारी

टेम्प्लेट, म्हणजे नव्या व्हीएमचा साचा. डेबियनचं एक व्हीएम छान सजवलं, अपडेट केलं, टेम्प्लेट केलं, त्यातून तीन क्लोन काढले. तिघांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने एकच आयपी दिला. नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते वेगळे, नावं वेगळी, तरी पत्ता एक. तीन तास डीएचसीपी सर्व्हरला शिव्या घातल्या. दोष त्याचा नव्हता. लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी सिस्टमडी स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगते, आणि ती फाइल टेम्प्लेटमधून तिघांकडे जशीच्या तशी गेली होती.

तेवढ्यात दुसरं दिसलं आणि पोटात गोळाच आला. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या एसएसएच होस्ट कीही तिघांच्या एकच होत्या. म्हणजे एका ग्राहकाने आपली खासगी होस्ट की वाचली की शेजाऱ्याचा सर्व्हर म्हणून सोंग घ्यायला तो मोकळा. आता टेम्प्लेट करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची (पुसायची नाही, रिकामी), होस्ट की काढून टाकायच्या, क्लाउड-इनिटचा (व्हीएम पहिल्यांदा उठताना त्याची मांडणी करतं ते) कचरा झाडायचा. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे वितरणाची तयार क्लाउड प्रतिमाच घ्यायची. ती या दोन्ही बाबतींत स्वच्छच येते. मी तेच करतेय.

१७ फेब्रुवारी

पहिला पैसे देणारा ग्राहक, आणि त्याच्या व्हीएमवर अल्मालिनक्स ९ चालूच होईना. ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी म्हणते, सीपीयूला एक्स८६-६४-व्ही२ हा सूचनांचा संच येत नाही, आणि लगेच कर्नल पॅनिक. सीपीयू तर चांगला दणकट! वेब पॅनेलमधून हाताने बनवलेलं व्हीएम सुरू होतं, माझ्या स्क्रिप्टने बनवलेलं नाही. फरक असा की पॅनेल आता नवीन व्हीएमला एक्स८६-६४-व्ही२-एईएस हा सीपीयूचा प्रकार सुचवतं, पण कमांडने प्रकार न सांगता बनवलं तर मागची केव्हीएम६४ ही जुनीपुराणी ओळखच मिळते. तिच्यात झटपट कूटलेखनाच्या एईएस सूचनाही नाहीत, म्हणजे चालली असती तरी एचटीटीपीएस रखडलं असतं. स्क्रिप्टमध्ये एक शब्द घातला. नंतरची भर: दोन 'जास्त दाम' वाल्या ग्राहकांना मी खूश होऊन 'होस्ट' प्रकार दिला, म्हणजे खऱ्या सीपीयूला येतं ते सगळं व्हीएमला. तो एप्रिलमध्ये अंगाशी आला.

४ मार्च

नव्या सर्व्हरवरचं सगळ्यांत मोठं व्हीएम पहाटे अचानक बंद. ३२ जीबीचं, आणि अर्थातच सगळ्यांत जास्त भाडं देणाऱ्याचं. कर्नलच्या नोंदीत ओओएम किलरची सही होती. मेमरी संपली की कर्नल सगळ्यांत जाडा प्रोसेस शोधून मारतो. होस्टच्या, म्हणजे खालच्या सर्व्हरच्या, दृष्टीने प्रत्येक व्हीएम हा एक प्रोसेस. म्हणजे या हिशेबात मोठा ग्राहक नेहमी आधी मरणार.

व्हीएमना मिळून ७६ जीबी दिले होते. १२८ मधून ७६ गेले, मग कमी कसे पडले? पॅनेलवर मेमरी ९६ टक्के. झेडएफएसची वाचनाची कॅशे, आर्क, ६४ जीबीपर्यंत फुगायला मोकळी होती. ८.१ पासूनचा इन्स्टॉलर आर्कला मेमरीच्या दहा टक्क्यांवर आणि कमाल १६ जीबीवर बांधून टाकतो. त्याआधी मर्यादा निम्म्या मेमरीची असायची. मी ८.१ इन्स्टॉल केलंच कुठे होतं? दुसऱ्याने टाकलेल्या ७ वर चढवलं होतं. आर्क गरज पडली की आक्रसतो खरा, पण पहाटेच्या बॅकअपच्या घाईत तेवढ्या वेगाने नाही आक्रसला. मर्यादा १२ जीबी लिहिली, इनिटरामएफएस (बूट होताना आधी लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) पुन्हा बनवलं, रीबूट केलं. हे मधलं पाऊल विसरलं तर रूट झेडएफएसवर असताना मर्यादा लागूच होत नाही. तेही एकदा विसरून झालं.

नियम केला: दोन्ही नोडवरची (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर) दिलेली मेमरी मिळून एका नोडवर मावली पाहिजे. सीपीयू तिप्पट विकला तरी चालतो, व्हीएमच्या आत टॉपमधला स्टील टाइम (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघत राहायचं. मेमरी एकदाच विकायची. सारखी पानं एकत्र करून मेमरी वाचवणारं केएसएमही बंद केलं. एका व्हीएमला शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा त्यातून अंदाज घेता येतो.

१९ मार्च

एका ग्राहकाने स्वतःचा आयपी टाकताना शेवटचा आकडा चुकवला आणि शेजाऱ्याचा आयपी घेतला. शेजाऱ्याची साइट पाच मिनिटं चालायची, दहा मिनिटं गायब व्हायची. पाच तास आम्ही शेजाऱ्याचंच व्हीएम उलटंपालटं करत होतो. राउटरच्या एआरपी तक्त्यात (कुठला आयपी कुठल्या मॅककडे याची यादी) एका आयपीसमोर मॅक पत्ता बदलताना डोळ्यांनी बघितला तेव्हा ट्यूब पेटली.

घरच्या सेटअपमध्ये सगळी व्हीएम माझीच होती. तिथे असं कोण करणार? प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये आयपीफिल्टर-नेट० नावाचा आयपी संच बनवून त्यात त्या व्हीएमचाच पत्ता लिहिला की दुसऱ्या कुठल्या पत्त्याने त्याचं एक पॅकेटही बाहेर पडत नाही. तो आता प्रत्येक नव्या व्हीएमबरोबर स्क्रिप्टच बनवते. मात्र व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर फायरवॉलची खूण नसेल तर हा संच नुसता कागदावर राहतो. जुन्या सहा जणांच्या कार्डांवर ती नव्हती.

३० मार्च

एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनातल्या मागच्या दाराची बातमी काल आली. सकाळपासून नऊ ग्राहकांचे संदेश. डेबियन स्थिर आवृत्तीत ते आलेलंच नाही, म्हणून होस्ट सुरक्षित. ग्राहकांची व्हीएम एकेक करून तपासली, एकही लागलेलं नव्हतं. अर्धा दिवस गेला.

शिवाय व्हीएमवेअरचं फुकटचं ईएसएक्सआय (प्रॉक्समॉक्ससारखंच सॉफ्टवेअर) फेब्रुवारीत बंद झाल्यापासून 'आमचं तिकडचं इकडे आणता का' विचारणारे वाढलेत. या महिन्यात आलेल्या इंपोर्टच्या सोयीने लिनक्सवाली दोन व्हीएम जेवणाच्या सुट्टीत आली. विंडोज निळ्या पडद्यावर अडलं, कारण त्याच्याकडे व्हर्टआयओ या आभासी उपकरणांचे ड्रायव्हर नव्हते. डिस्क आधी साटा म्हणून जोडायची आणि विंडोज उठवायचं. मग एक जीबीची खोटी व्हर्टआयओ डिस्क जोडायची, ड्रायव्हर टाकायचे, बंद करून खरी डिस्क व्हर्टआयओवर न्यायची.

१४ एप्रिल

डिस्कनी हात टेकले. १९ व्हीएम झाली, रात्री बॅकअप सुरू झाला की आयओ डिले (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) ४० टक्क्यांवर, साइट पंधरा-वीस सेकंद गोठतात. स्मार्टमध्ये बारा आठवड्यांत ९ टक्के झीज. या गतीने या डिस्क तीन वर्षंही काढणार नाहीत, आणि आरशाच्या दोन्ही बाजू सारख्याच झिजत असल्यामुळे जातील तेव्हा जोडीने जातील.

सर्व्हरवाल्या एसएसडी मागवल्या. यांच्यावर कपॅसिटर असतात. वाटलं एकेक डिस्क काढायची, नवी घालायची, झेडएफएसला बदल सांगायचा, ग्राहकाला पत्ताही लागणार नाही. पहिलीच डिस्क घातली आणि उत्तर आलं: डिस्क लहान आहे.

घरगुती एसएसडी २ टीबी. सर्व्हरवाली १.९२ टीबी. बिलावर हा आकडा मी दोनदा वाचला होता. आरशात एवढी लहान डिस्क घालताच येत नाही.

जुन्या सर्व्हरला डिस्कचे चार कप्पे रिकामे होते. तिथे नव्या डिस्कचा नवा पूल (झेडएफएसचा एकत्र साठा) शेजारीच उभा केला आणि व्हीएमच्या डिस्क चालू असतानाच इकडून तिकडे हलवल्या. एक रात्र, एकही तक्रार नाही. नव्या सर्व्हरला चारच कप्पे, चारही भरलेले. म्हणजे तिथली १४ व्हीएम जुन्या सर्व्हरवर न्यायची, पूल मोडायचा, नवा बांधायचा आणि सगळं परत आणायचं. मेमरीचा नियम मार्चमध्ये केला नसता तर इथेच घोडं अडलं असतं.

१.१ टीबी एका गिगाबिटच्या केबलवरून: तीन तास जायला, तीन यायला. बारा व्हीएम चालता चालता गेली. 'होस्ट' प्रकारची ती दोन पोचली आणि १०० टक्के सीपीयू खात थिजली. नव्या सर्व्हरच्या सीपीयूला एव्हीएक्स-५१२ हा खास सूचनांचा संच येतो, जुन्याला येत नाही. व्हीएमच्या आतला प्रोग्रॅम आपल्याला ते येतं असं सुरुवातीलाच ठरवून बसलेला असतो, वाटेत सीपीयू बदलला हे त्याला सांगणारं कोणी नाही. दोन्ही बंद करून प्रकार बदलून सुरू केली. जास्त दाम देणाऱ्या दोघांनाच तेवढा झटका बसला.

आता पीव्हीईपर्फचा आकडा पाच हजारांच्या वर. आयओ डिले दोन-तीन टक्के. काढलेल्या आठ डिस्कपैकी चार बॅकअपच्या डबड्यात आरक्षित म्हणून ठेवल्यात, चार घरी. डिस्कवर दोनदा खर्च झाला. पहिल्यांदाच नीट घेतल्या असत्या तर खर्चाच्या या एका ओळीत सर्व्हरच्या किमतीचा एक तृतीयांश वाचला असता.

११ मे

प्रॉक्समॉक्स ८.२ आलं, कर्नल ६.८ सह. जुना सर्व्हर अपडेट केला, रीबूट केला, परत आला नाही. या वेळी आयपीएमआय जोडलेलं होतं, म्हणून खुर्चीतून उठावं लागलं नाही. नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं आणि व्हीएमना त्या कार्डाशी जोडणारा ब्रिज जुन्या नावाची वाट बघत बसला होता. नावं बदलू शकतात असं ८.२ च्या टिपणात लिहिलेलं आहे. टिपण मी नंतर वाचलं. आता सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक पत्त्यावरून नाव पक्कं केलंय. दुसऱ्या सर्व्हरवर आधी फाइल, मग अपडेट. वीस मिनिटं बंद.

१५ जून

या नोंदींतली सगळ्यांत महागडी रात्र. चूक माझी एकटीची.

दोन नोडचं क्लस्टर आहे. दर पंधरा मिनिटांनी झेडएफएसची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मे महिन्यात मी उच्च उपलब्धता म्हणजे एचए चालू केलं. एक नोड मेला तर दुसरा त्याची व्हीएम आपोआप उठवेल, अशी कल्पना. संकेतस्थळावर तसं अभिमानाने लिहूनही टाकलं.

काल रात्री स्विचचं फर्मवेअर अपडेट केलं. ग्राहकांना 'तीन मिनिटं नेटवर्क बंद' असं कळवलं होतं. स्विच तीन मिनिटांत परत आला. त्याच्यामागचं काहीच नाही आलं. आयपीएमआयवर बघितलं तर दोन्ही सर्व्हर बायोसच्या पडद्यावर. दोन्ही एकाच वेळी रीबूट झाले होते.

झालं ते असं. कोरोसिंकचा (दोन्ही नोड ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या सेवेचा) संवाद त्या एकाच स्विचमधून जात होता. स्विच गेला, दोघांनाही दुसरा दिसेना. दोनपैकी एक मत म्हणजे बहुमत नाही, म्हणजे कोरम गेला, दोघांचाही. ज्या नोडवर एचएखालची व्हीएम चालू आहेत त्याचा कोरम गेला की तो वॉचडॉगला (थोपटलं नाही तर रीबूट करणारा टायमर) थोपटणं थांबवतो आणि साधारण मिनिटभरात स्वतःलाच रीबूट करतो. तीच व्हीएम पलीकडेही उठली आणि दोघांनी दोन दिशांनी लिहायला सुरुवात केली, असं होऊ नये म्हणून. अगदी रास्त वागणूक आहे. फक्त इथे पलीकडचाही तेच करत होता.

एचए नसतं तर? पॅनेलमध्ये बदल करता आले नसते, क्लस्टरच्या मांडणीची /ईटीसी/पीव्हीई नुसती वाचण्यापुरती उरली असती, पण चालू व्हीएम चालूच राहिली असती आणि तीन मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं असतं. तीन मिनिटांचा खंड मी ५२ मिनिटांचा करून दाखवला. २७ व्हीएम एकदम उठायला गेल्यामुळे डिस्कवर झुंबड उडाली, दोन फाइल सिस्टम दुरुस्तीला थांबल्या, एका ग्राहकाच्या डेटाबेसमधला मायआयसॅम या साठवण पद्धतीचा एक तक्ता फुटला. तो बॅकअपमधून काढून दिला. चौघांनी भाडं परत मागितलं, चौघांनाही त्या महिन्याचं दिलं. त्यातले दोघे तरीही गेले.

आज एचए बंद केलं, संकेतस्थळावरचं वाक्य काढलं. प्रती पंधरा मिनिटांनी जातातच. नोड मेलाच तर आमच्यापैकी एक जण उठून हाताने व्हीएम उठवेल. बॅकअपच्या डबड्यावर कोरोसिंकचा क्यूडिव्हाइस बसवला. त्याचं काम एकच, तिसरं मत द्यायचं. दोन्ही सर्व्हरमध्ये स्विचशिवाय थेट केबल टाकायचीय, कोरोसिंकचा दुसरा मार्ग म्हणून. केबल आणली, पण लांबीला कमी पडली.

२ जुलै

ओपनएसएसएचचा नवा दोष काल जाहीर झाला आणि या वेळी डेबियन १२ सुद्धा त्यात आहे. दोन्ही होस्ट रात्रीच सुधारले. एसएसएच मुळात व्हीपीएनमागे असल्यामुळे झोप उडाली नाही. ग्राहकांना पत्र पाठवलं, निम्म्यांनी उघडलंही नाही.

९ जुलै

बॅकअपची डिस्क १०० टक्के भरली. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर जागा फार वाचवतो, सारखे तुकडे एकदाच साठवतो, त्यामुळे आम्ही निवांत होतो. जुने बॅकअप छाटले: रोजचे सात, आठवड्याचे चार, महिन्याचे दोन ठेवले. जागा तेवढीच. छाटणीने फक्त यादीतली ओळ जाते. तुकडे गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे झाडणं) झाल्यावरच जातात. ते चालवलं, तर डिस्कवर एक बाइटही न उरल्यामुळे तेच बिचकलं. त्याला प्रत्येक वापरातल्या तुकड्याची वाचनवेळ नोंदवावी लागते आणि काठोकाठ भरलेल्या झेडएफएसवर तेवढंही लिहिता येईना. एक जुना चाचणीचा डेटासेट (झेडएफएसमधला कप्पा) उडवून थोडी जागा केली, पुन्हा चालवलं. तरी बहुतेक तुकडे 'नंतर काढू' म्हणून ठेवले, कारण २४ तास ५ मिनिटांच्या आत हात लागलेल्या तुकड्याला ते शिवत नाही. एक पूर्ण रात्र बॅकअपशिवाय गेली. सगळ्या ग्राहकांना तसं कळवलं. आता बॅकअपच्या डेटासेटवर कोटा आहे, दहा टक्के जागा कधीच वापरता येत नाही, आणि ८० टक्क्यांना फोन वाजतो.

२० जुलै

पूर्ण नोड परत उभा करायला किती वेळ लागतो ते आजवर मोजलंच नव्हतं. कागदावर हिशेब सोपा: २ टीबी, गिगाबिटवरून सेकंदाला ११० एमबी, म्हणजे पाच तास. प्रत्यक्षात अकरा. डबड्यात फिरत्या डिस्क आहेत, तुकडे त्यावर विखुरलेले, एकेक वेचत सुई इकडून तिकडे पळते. आमच्या अटींमध्ये लिहिलं होतं, 'चार तासांत पूर्ववत'.

अटी बदलल्या. एप्रिलमध्ये काढलेल्या एसएसडींपैकी दोन त्या पूलला मेटाडेटासाठी (कुठे काय आहे याच्या नोंदींसाठी) जोडल्या. आरशात, कारण ही जोडी गेली की पूर्ण पूल गेला. यादी उघडणं आणि तपासणी झपाझप व्हायला लागली, पूर्ण परतावा सव्वानऊ तासांवर आला. घाईच्या व्हीएमसाठी लाइव्ह रिस्टोअर वापरायचं ठरलं. त्यात व्हीएम लगेच उठतं आणि उरलेला डेटा मागून येत राहतो. हळू चालतं, पण चालतं.

याच दिवशी आणखी एक भोक बुजवलं. होस्टकडे बॅकअप सर्व्हरचा रूट पासवर्डच दिलेला होता. होस्टमध्ये कोणी घुसला असता तर बॅकअपही पुसून गेला असता. आता पासवर्डऐवजी टोकन आहे आणि त्याला डेटास्टोअरबॅकअप एवढीच भूमिका दिली आहे. त्याला लिहिता येतं, परत काढता येतं, छाटता येत नाही. छाटणी बॅकअप सर्व्हर स्वतः करतो.

३ ऑगस्ट

एका ग्राहकाचं वर्डप्रेस फोडून रात्रभर कोणी जाहिरातींच्या मेल पाठवल्या. सकाळी आयपी काळ्या यादीत, आणि त्याच पट्ट्यातल्या शेजाऱ्यांच्याही मेल परत यायला लागल्या. यादीतून नाव काढायला सहा दिवस गेले. मेल जिथून बाहेर जातात तो पोर्ट २५ आता सगळ्यांना बंद. ज्याला हवा त्याने मागायचा, उलट डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावून मगच देतो. ३१ पैकी पाच जणांनी मागितला. बाकीच्यांना तो बंद आहे हेही माहीत नसावं.

१७ ऑगस्ट

सात महिन्यांचा हिशेब मांडला. दोघांचे मिळून ४१० तास. त्यातले दीडशे तर पासवर्ड, डीएनएस आणि 'साइट हळू चालते' यांतच गेले. ठरवलं होतं त्याच्या दीडपट पैसा हार्डवेअरवर गेला, जास्तीचा जवळजवळ सगळा डिस्क, एचबीए आणि प्रवासावर. जागेचं आणि विजेचं भाडं अकराव्या ग्राहकापाशी निघालं. त्याखालोखाल आयपीव्ही४ पत्त्यांचं भाडं. ते दर व्हीएममागे वाढतं आणि त्यात घासाघीस होत नाही.

प्रॉक्समॉक्सचं सदस्यत्व घेतलं. सॉफ्टवेअर फुकट असताना कशाला, असं भागीदाराचं म्हणणं होतं. लोकांचा डेटा ज्यावर आहे तिथे नीट तपासून आलेले अपडेट हवेत, असं माझं. आकारणी सॉकेटमागे असते हे मात्र दोघांनाही तेव्हाच कळलं. आमचे दोन सर्व्हर, चार सॉकेट. पुन्हा घ्यायची वेळ आली तर एका सॉकेटचेच, आणि दोन्ही एकाच पिढीचे.

२४ ऑगस्ट

पुरेशा लांबीची केबल घेऊन डेटा सेंटरला. दोन्ही सर्व्हर थेट जोडले, कोरोसिंकला दुसरा मार्ग दिला. ग्राहकांना रविवारी पहाटे साडेतीनची वेळ कळवली आणि तिथेच थांबलो.

२५ ऑगस्ट, पहाट

भागीदाराने फोनवर स्टॉपवॉच लावलं, मी जुन्या सर्व्हरची स्विचकडे जाणारी केबल उपटली. आयपीएमआयच्या पडद्यावर कोरोसिंक म्हणालं, पहिला मार्ग तुटला. तीस सेकंद. साठ. इथेच जूनमध्ये पडदा काळा झाला होता. नव्वद. /ईटीसी/पीव्हीईमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघितली, बनली. तीन मिनिटांनी केबल परत लावली. मग नवा सर्व्हर व्हीएम हलवून पूर्ण बंद केला. तीनपैकी दोन मतं, कोरम शाबूत, जुन्यावर व्हीएम बंद-चालू करता आलं.

दोन्ही केबलना लेबल लावली. राहिलेलं काम: आयपीव्ही६, आणि बॅकअपची एक प्रत या इमारतीबाहेर.